मधमाशीच्या अंगावर औषध: ही गोष्ट सुरू कुठून झाली

पिकाचं औषध मधमाशीच्या अंगावरून फुलांत पोचवायचं, या कल्पनेची सुरुवात नाशपातीच्या रोगापासून झाली. अमेरिकेत नाशपाती-सफरचंदाचा बहर जळाल्यासारखा करपून जायचा, जिवाणूमुळं होतं एवढं माहीत होतं पण एका झाडावरून दुसऱ्यावर जातं कसं ते कळत नव्हतं, मग १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला मर्टन वेट नावाच्या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की फुलाफुलांवर फिरणाऱ्या मधमाश्याच तो जिवाणू पसरवतात.

उलटा विचार व्हायला मात्र शंभर वर्षं लागली. माशी रोग नेते तर औषधही नेईल की! १९९२ मध्ये अमेरिकेत त्याच करप्यावर माश्यांकडून मित्र जिवाणू (रोगाच्या जिवाणूला अडवणारे) फुलांत पोचवल्याचं छापून आलं, आणि त्याच वर्षी कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या लोकांनी स्ट्रॉबेरीवर मित्रबुरशी पाठवून पाहिली. पंपानं फवारल्याइतकाच फरक पडला.

जुगाड साधाच आहे. मधपेटीच्या तोंडाशी भुकटीचा ट्रे, बाहेर जायची वाट त्यातून आणि आत यायची वेगळी, म्हणजे भुकटी परत पेटीत जात नाही. माशीच्या अंगावरच्या बारीक केसांत ती अडकते. मला सगळ्यात पटलं ते हे, की स्ट्रॉबेरी सडवणारी बुरशी बहुतेकदा फुलातूनच शिरते, आणि फूल आज उमललं की माशी आजच तिथं हजर, आपला पंप फिरणार आठ-पंधरा दिवसांनी! मित्रबुरशी आधी जाऊन जागा धरते, मग वाईट बुरशीला बसायलाच जागा उरत नाही.

पुढं फिनलंडचे स्ट्रॉबेरीवाले हे वापरू लागले, २०१९ मध्ये अमेरिकेत अशा एका बुरशीला सरकारी मान्यताही मिळाली.

आपल्या वावराच्या सगळ्यात जवळचा प्रयोग मात्र १९९४ चा, अमेरिकेतलाच. तूर-हरभऱ्याच्या शेंगा-घाटे पोखरणाऱ्या आपल्या घाटेअळीच्या सख्ख्या भाऊबंद अळीवर तिचाच विषाणू माश्यांकरवी क्लोव्हर नावाच्या द्विदल चाऱ्याच्या फुलांवर पोचवला आणि अळ्या मेल्या. आपल्याकडं याच प्रकारचा विषाणू एनपीव्ही म्हणून तूर-हरभऱ्यावर पंपानं मारतात, उन्हात तो टिकत नाही म्हणून संध्याकाळी. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन २० हून जास्त माणसं गेली, तेव्हापासून पाठीवर पंप नको असलेली प्रत्येक गोष्ट मी लक्ष देऊन वाचतो. आणि तूर फुलावर असताना बांधावरच्या आग्या मोहोळाच्या माश्या त्यावर येतात, तेव्हा भरदुपारी कीटकनाशक मारणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, निदान संध्याकाळपर्यंत थांबा बाप्पा.