प्रतिबंधक स्थानबद्धता

घडलेल्या गुन्ह्याबद्दल नव्हे, तर पुढे काही घडेल या शासनाच्या अंदाजावरून व्यक्तीला खटल्याविना बंदिस्त ठेवणे. यात आरोपपत्र नसते आणि पुरावा शाबीत करावा लागत नाही. आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली की पुरे. तडीपारीहून हा प्रकार वेगळा, कारण तडीपार इसम हद्दीबाहेर का होईना, मोकळा असतो.

भारतातील उगमाबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तो ईस्ट इंडिया कंपनीविषयक 1784 च्या कायद्यापर्यंत मागे नेतात. पण त्यातील तरतुदीचा रोख शत्रूशी संधान बांधणाऱ्यांवर होता. कारण न सांगता ‘राजकैदी’ ठेवण्याची रीतसर चौकट 1818 च्या बंगाल रेग्युलेशन तीनमध्ये प्रथम स्पष्ट दिसते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. लाला लजपतराय व अजितसिंग यांना 1907 मध्ये मंडालेला धाडले ते याच रेग्युलेशनखाली. मुंबई इलाख्यात 1827 चे पंचविसावे रेग्युलेशन लागू होते. रँडच्या खुनानंतर 1897 मध्ये पुण्याच्या नातू बंधूंना त्याखाली अटक झाली. त्याच सुमारास पकडलेल्या टिळकांवर निदान राजद्रोहाचा खटला तरी चालला. नातूंवर कोणताच चालला नाही. दुसऱ्या महायुद्धात केशव तळपदे प्रकरणी फेडरल कोर्टाने भारत संरक्षण नियमांतील स्थानबद्धतेचा नियम 26 अवैध ठरवला (1943), तेव्हा सरकारने लगोलग वटहुकूम काढून तो पूर्वलक्षी प्रभावाने सावरून घेतला.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने ही सत्ता रद्द केली नाही. अनुच्छेद 22 ने तिला मर्यादा घातल्या : तीन महिन्यांपुढे ठेवायचे तर सल्लागार मंडळाचा अभिप्राय हवा, आणि कारणे कळवून निवेदनाची संधी द्यायला हवी. मंडळापुढे वकील मिळण्याचा हक्क मात्र नाही. प्रत्यक्षात अनेकांची सुटका झाली ती कार्यपद्धतीतील चुकांमुळे. हरिकिसन वि. महाराष्ट्र राज्य (1962) खटल्यात केवळ हिंदी जाणणाऱ्या इसमाला कारणे इंग्रजीत दिली होती. भाषांतर मागितले, तर इंग्रजी ही राजभाषा असल्याचे सांगून नाकारले गेले. सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धता बेकायदा ठरवली. जे वाचता येत नाही त्याचे खंडन माणूस करणार कसे?

सत्तेवरचा हा तोकडा लगामही आणीबाणीत (1975–77) सुटला. 1971 च्या ‘मिसा’त (अंतर्गत सुरक्षा कायद्यात) दुरुस्ती करून कारणे कळवण्याचे बंधन काढले गेले, आणीबाणीतील अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगानुसार सुमारे 35,000 माणसे या कायद्याखाली डांबली गेली. मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी बंद्यांचे अर्ज विचारार्ह मानले होते. सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 1976 रोजी चार विरुद्ध एक मताने ते दार बंद केले. न्या. ह. रा. खन्ना यांचे भिन्नमतच कायद्याच्या दृष्टीने सकस होते. सर्वोच्च न्यायालयाच्याच, खासगीपणाच्या हक्काविषयीच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने बहुमताचा निर्णय रद्दबातल केला.

‘मिसा’ 1978 मध्ये गेला. राष्ट्रीय सुरक्षा कायदा (1980) आणि महाराष्ट्रात झोपडपट्टी गुंड, हातभट्टीवाले इत्यादींविरुद्धचा ‘एमपीडीए’ (1981) हे पुढचे कायदे. दोन्हींत कमाल मुदत बारा महिने. सल्लागार मंडळाविना ठेवण्याची मुदत तीनवरून दोन महिन्यांवर आणणारी 44 व्या घटनादुरुस्तीतील (1978) तरतूद मात्र अंमलात आणलेली नाही.