बिजागरीचा गुडघा: बदनामी कुठून आली आणि निकाल कसे वाचावेत

गुडघ्याचा सांधा बदलला की कोल्हापुरात सरसकट ‘वाटी बदलली’ म्हणतात. नेहमीच्या सांधेरोपणात वाटी बऱ्याचदा आहे तशीच राहते. मांडीच्या हाडाचं टोक आणि नडगीचा माथा साधारण 9 मिलिमीटर तासून त्यावर धातूचं आवरण बसवतात आणि मध्ये पॉलिथिलीनची, म्हणजे टणक प्लॅस्टिकची चकती घालतात. वरचा आणि खालचा भाग एकमेकांना जोडलेला नसतो. त्यांना जागेवर धरतात ते पेशंटचे स्वतःचे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे. बिजागरीच्या गुडघ्यात हेच काम आडवा आस आणि त्याभोवतीचं बुश, म्हणजे नळीसारखं अस्तर करतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांत कधी पिन-बुश बदललेल्या माणसाला रचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. हा सांधा कशानं बिघडतो, हेही त्यातच आलं.

गंमत अशी की आज शेवटचा उपाय मानली जाणारी बिजागरी गुडघेरोपणाच्या इतिहासात सर्वांत आधी आली. 1890 मध्ये बर्लिनच्या थेमिस्टोक्लेस ग्लूक यांनी क्षयरोगानं खराब झालेल्या गुडघ्यात हस्तिदंताची बिजागरी बसवली. हाडात ती पक्की करायला राळ आणि प्युमिस दगडाची भुकटी असलं मिश्रण वापरलं. ज्या सांध्यात आधीच जंतू मुरलेले, तिथं बाहेरची वस्तू ठेवली की काय होणार, ते झालं: संसर्ग उफाळला आणि प्रयोग फसला.

पुढची साठ वर्षं या वाटेनं फारसं कुणी गेलं नाही. 1951 मध्ये स्वीडनच्या वॉल्डियस यांनी अ‍ॅक्रिलिकची बिजागरी आणली, नंतर ती कोबाल्ट-क्रोममध्ये केली. 1954 मध्ये इंग्लंडमध्ये शिअर्स यांची पोलादी बिजागरी आली. 1970 मध्ये फ्रान्समधल्या ‘ग्वेपार’ गटानं आस मागे सरकवला, त्यामुळे गुडघा जास्त वाकू लागला. सुरुवातीचे निकाल छान होते. वेदना गेली, पाय सरळ झाला, पेशंट चालू लागला. पाचेक वर्षांत चित्र फिरलं.

कारण साधं आहे. गुडघा म्हणजे दाराची बिजागरी नव्हे. तो वाकताना मांडीचं हाड नडगीवर मागे घरंगळतं आणि पाय सरळ होताना शेवटच्या 20 अंशांत नडगी किंचित बाहेर वळते. जुन्या बिजागरीला फक्त उघड-मीट माहीत. वळण्याचा जोर तिला सोसता येत नव्हता, म्हणून तो हाडाच्या पोकळीत बसवलेल्या दांड्यांतून थेट सिमेंट आणि हाडाच्या जोडावर जायचा. प्रत्येक पावलाला थोडा पीळ, दिवसाला हजारो पावलं. मग जोड सुटणार नाही तर काय? शिवाय धातूवर धातू घासून पडणाऱ्या काळ्या चुऱ्यानं आतलं मांस चिघळायचं. दांडे लांब, म्हणून काढताना हाड आणखी जायचं आणि पुढच्या शस्त्रक्रियेला टेकू उरायचा नाही.

1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात फिरती बिजागरी आली. आडव्या आसाला उभ्या आसाची जोड मिळाली, त्यामुळे नडगीचा भाग स्वतःभोवती फिरू लागला. धातूंच्या मध्ये पॉलिथिलीनचं बुश आलं. सांधा सैल होण्याचं प्रमाण खूपच उतरलं. पण बदनामी मात्र जुन्या रचनेची नव्या रचनेला चिकटली, ती अजून पुरती सुटलेली नाही.

आता निकालांचं. नेहमीच्या गुडघेरोपणात दहा वर्षांनी शंभरातले साधारण 95 सांधे जागेवर असतात. फिरत्या बिजागरीचा दहा वर्षांचा आकडा अहवालागणिक 50 पासून 90 च्या पुढेपर्यंत फिरतो. एवढी तफावत केवळ यंत्रामुळे येत नाही. ते कुणाला बसवलं, यावर ती जास्त ठरते. कुणाचे बाजूचे लिगामेंटच उरलेले नसतात, कुणाचा पाय पोलिओमुळे मागे धनुष्यासारखा वाकतो, कुणाच्या म्हातारपणी मांडीच्या हाडाचा खालचा भाग चुरडलेला असतो, कुणाचा गाठीमुळे हाडाचा तुकडाच काढलेला असतो. आणि बऱ्याच जणांची ही दुसरी-तिसरी शस्त्रक्रिया असते. पहिल्यांदाच, वाकडेपणासाठी, वयस्क पेशंटला बसवलेली बिजागरी बरीच टिकते. जंतुसंसर्गानंतर बसवलेली सर्वांत कमी. दोन्ही एकाच आकड्यात कोंबले की तो आकडा कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही.

अपयशात आज पहिला नंबर संसर्गाचा. धातू जास्त, शस्त्रक्रिया लांब, जुन्या टाक्यांची कातडी पातळ आणि बरेचदा साखर वाढलेली. उसाच्या चिखलात उतरणाऱ्याच्या टाचेच्या भेगा, किडलेला दात, लघवीचा संसर्ग हे आधीच निस्तरायला हवेत. नंतर सांधा अचानक सुजला, तापला, टाक्यातून पाणी आलं, तर गल्लीत अँटिबायोटिकची गोळी घेऊन वाट बघू नये. पहिल्या काही आठवड्यांत सांधा उघडून धुऊन प्लॅस्टिकचे भाग बदलले तर धातू वाचू शकतो. उशीर झाला की सगळं काढून औषधमिश्रित सिमेंटचा तात्पुरता सांधा घालतात, आणि काही आठवड्यांनी नवा.

मग दांड्याच्या टोकापाशी हाड मोडणं. ठिसूळ हाड आणि कडक धातू यांच्या सीमेवर सगळा ताण साठतो, म्हणून घसरणारी मोरी ही या पेशंटची खरी वैरीण. तिसरं दुखणं वाटीचं आणि तिच्या खालच्या स्नायुबंधाचं. सांध्याची पातळी वर सरकली की वाटी खाली अडकते आणि पाय पूर्ण उचलता येत नाही. काही जुन्या रचनांत उभा आस आखूड आणि निमुळता होता. मऊ भाग सैल पडले की तो निसटायचा.

वाकणं बहुतेकांना 90 ते 110 अंशांपर्यंत मिळतं. खुर्ची, जिना, कमोड यांना तेवढं पुरतं. मांडी घालून पंगतीला बसण्याला नाही. ज्योतिबाच्या पायऱ्या कठड्याला धरून चढता येतील, पण उकिडवं बसून भांगलण सोडावीच लागेल. हे शस्त्रक्रियेआधी घरात बोललेलं बरं, कारण नंतरच्या अर्ध्या तक्रारी इथून निघतात.

खर्चाचंही सांगायला हवं. 2017 मध्ये केंद्रानं गुडघ्याच्या इम्प्लांटला कमाल किंमत लावली. तेव्हाचे आकडे असे: कोबाल्ट-क्रोमच्या नेहमीच्या संचाला 54,720 रुपये, कर्करोगाच्या गाठीनंतरच्या खास संचाला 1,13,950, कर वेगळा. त्यामुळे बिलात इम्प्लांटची ओळ स्वतंत्र मागता येते.

बुश झिजलं की गुडघा बाजूला डुलतो, टकटक वाजतो. एक्स-रेत पॉलिथिलीन दिसत नाही, म्हणून ‘फोटो नॉर्मल आहे’ एवढ्यावर हे दुखणं मिटत नाही. हाडात बसलेला धातू घट्ट असेल तर फक्त बुश आणि आस बदलून भागतं, पण ते त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे आणि त्याच मापाचे लागतात. ती माहिती इम्प्लांटच्या डब्यावरच्या स्टिकरवर असते. तो स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्यावा आणि त्याचा फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये ठेवावा. बारा वर्षांनी कार्ड सापडत नाही.