नवतपा, तहान आणि पीयूषिका

नवतप्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. तोंडाला दुपट्टा बांधून बर्डीवरून खरेदी करून आलेल्या माणसाला दुपारी लक्षात येतं, सकाळपासून लघवीच लागली नाही. लागली तेव्हा ती गडद पिवळी, अगदी थोडी. पाणी अडवायला मूत्रपिंडांना सांगितलं कोणी?

सांगितलं पीयूषिका ग्रंथीनं. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागच्या हाडाच्या खोबणीत ती बसलेली असते. आकार वाटाण्याएवढा, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. तिला सगळ्या ग्रंथींची मालकीण म्हणतात, पण मला ते अर्धंच पटतं. पाणी अडवणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक ती बनवतच नाही. ते बनतं तिच्या वर असलेल्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागात. तिथल्या चेतापेशींचे लांब तंतू पीयूषिकेच्या मागच्या भागात उतरतात आणि त्यांच्या टोकांशी हा माल साठून राहतो.

घामातून मिठापेक्षा पाणी जास्त जातं, म्हणून उरलेलं रक्त खारट होतं. हा खारटपणा एक-दोन टक्के वाढला तरी हायपोथॅलॅमसमधल्या पेशी आक्रसतात, खाली निरोप जातो आणि साठलेलं व्हॅसोप्रेसिन रक्तात सुटतं. तहान बहुधा त्यानंतर लागते. म्हणजे माठाकडे हात जाण्याआधीच बचत सुरू झालेली असते!

मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं बहुतेक पाणी या संप्रेरकाशिवायही परत शोषलं जातं. फैसला होतो तो शेवटच्या थोड्या वाट्याचा. व्हॅसोप्रेसिन पोचलं की नलिकांच्या पेशींमध्ये आत दडलेली अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रथिनं पृष्ठभागावर येतात आणि पाण्याला परतीची वाट मोकळी होते. पाण्याच्या या वाटांचा शोध लावणाऱ्या पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

हे संप्रेरकच कमी पडलं, तर माणसाला दिवसाला दहा-दहा लिटरही लघवी होऊ शकते. या आजाराच्या जुन्या नावात ‘डायबेटिस’ आहे, पण साखरेशी त्याचा संबंध नाही. डेस्मोप्रेसिनच्या गोळीनं किंवा नाकातल्या फवाऱ्यानं तो आटोक्यात राहतो. आणि हो, उन्हातून येऊन थंडगार बिअर पिणाऱ्यांनी ऐकावं: दारू व्हॅसोप्रेसिनला दाबते, म्हणून प्यालेलं पाणीही टिकत नाही.

मालकीणपण शोभतं ते पीयूषिकेच्या पुढच्या भागाला. वाढ, थायरॉइड, अधिवृक्क (मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी), पाळी, दूध यांवर चालणारी संप्रेरकं तो स्वतः बनवतो. विदर्भातल्या शेतकऱ्यानं त्याची एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घोणस चावल्यावर जीव वाचला, तरी काही जणांत विषामुळे या भागाचा रक्तपुरवठा बिघडून तो निकामी होतो. महिन्यांनी, कधी वर्षांनी थकवा येतो, अंगावरचे केस गळतात, बाईची पाळी थांबते. अशा वेळी डॉक्टरांना तो जुना दंश आठवणीनं सांगावा. रक्ताच्या तपासणीत कारण सापडतं आणि कमी पडलेली संप्रेरकं औषधानं देता येतात.