व्यसनमुक्तीतील आत्मसन्मान

दारू, गर्द (ब्राऊन शुगर), झोपेच्या गोळ्या किंवा जुगार सुटल्यावर माणसाला स्वतःची किंमत पुन्हा वाटू लागणे, या प्रक्रियेला व्यसनमुक्तीच्या कामात आत्मसन्मानाची उभारणी म्हणतात. व्यसन थांबले म्हणजे ही उभारणी झाली असे नव्हे. शरीरातले विष काही दिवसांत उतरते. स्वतःबद्दलचे मत बदलायला मात्र वर्ष-दोन वर्षे जातात, आणि ते आपोआप बदलत नाही. अहंकाराशी याची गल्लत करू नये. व्यसनाच्या काळात बढाई आणि स्वतःविषयीचा तिटकारा एकाच माणसात सुखाने नांदतात : रात्री गुत्त्यावर चौघांचे बिल भरणारा सकाळी दाढी करताना आरशात बघायचे टाळतो.

लाज आणि खंत

‘लाज वाटत नाही का?’ हा प्रश्न व्यसनी माणसाच्या घरात रोजचा असतो. लाज कमी पडली म्हणून हा पितो, असे त्यात गृहीत धरलेले असते. बहुतेकदा वस्तुस्थिती उलटी असते. लाज इतकी साठलेली असते की ती बुडवायलाच पुढचा पेग लागतो. दारूने नवी फजिती होते आणि लाजेत भर पडते.

मानसशास्त्रात लाज आणि अपराधभाव वेगळे धरतात. अमेरिकेतील जून टँगनी यांच्या संशोधनात हा फरक सविस्तर मांडलेला आहे. लाजेचा रोख माणसावर असतो : ‘मी नालायक.’ अपराधभावाचा रोख कृतीवर असतो : ‘मी केले ते चूक.’ मराठीत या दुसऱ्या भावनेला खंत हा शब्द अधिक जवळचा. नालायक माणसाला करण्यासारखे काही उरत नाही. त्याला फक्त तोंड लपवता येते. चूक केलेल्या माणसाला ती निस्तरता येते. समुपदेशनातले अर्धे काम लाजेचे रूपांतर खंतीत करण्याचे असते, असे म्हटले तरी चालेल.

पहिला महिना

दारू रोज व भरपूर पिणाऱ्याने ती एकदम बंद केली, तर शेवटच्या पेगानंतर साधारण ६ ते २४ तासांत हातपाय थरथरणे, घाम, मळमळ सुरू होते. काहींना पहिल्या दोन दिवसांत भास होतात, झटके येतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात वात होतो, म्हणजे भान हरपून माणूस बरळतो, आणि त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून हा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार करावा. ‘मनाचा खंबीरपणा’ दाखवायची ही जागा नाही. पुढचे काही आठवडे झोप तुटक, चित्त उदास, चिडचिड फार. ही उदासी पुष्कळ जणांत दोन ते चार आठवड्यांत बरीच ओसरते, कारण ती मेंदूच्या जुळवाजुळवीचा भाग असते. या काळात ‘मी कशाच्याही लायक नाही’ हे जे आतून ऐकू येते, त्यावर निष्कर्ष काढू नयेत. नोकरी सोडणे, घटस्फोट, सगळ्यांपुढे कबुलीजबाब, असे मोठे निर्णय पुढे ढकलावेत. महिन्यानंतरही उदासी तशीच राहिली, तर वेगळे नैराश्य असू शकते. त्यावर मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार लागतात.

याच्या उलट काहींना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदम हलके, तरंगल्यासारखे वाटते. तेव्हा घरच्यांना दहा वचने दिली जातात : कर्ज सहा महिन्यांत फेडतो, पोराला इंजिनीअर करतो, आईला काशीला नेतो. त्यांतली नऊ मोडतात, आणि ‘मी कधी शब्द पाळलाच नाही’ या जुन्या मताला नवा पुरावा मिळतो.

पाळता येतील एवढेच शब्द

अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या स्वक्षमतेच्या सिद्धान्तात ‘मला जमते’ या भावनेचे चार स्रोत सांगितले आहेत : स्वतः करून यश मिळणे, आपल्यासारख्याला ते जमलेले पाहणे, इतरांनी धीर देणे आणि शरीराची स्थिती. यांत पहिला सर्वांत बळकट. म्हणूनच कौतुकाने आत्मसन्मान फारसा वाढत नाही. व्यसनी माणसाने आयुष्यभर लोकांना गोड बोलून फसवलेले असते, त्यामुळे गोड बोलण्यावर त्याचाच विश्वास सर्वांत कमी. आरशासमोर ‘मी चांगला आहे’ म्हणण्याचेही तसेच. २००९ मध्ये जोन वूड व सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत, ज्यांचे स्वतःविषयीचे मत आधीच खालचे होते, त्यांना अशी वाक्ये म्हटल्यावर उलट जास्त वाईट वाटले. मन लगेच प्रतिवाद करते.

प्रत्यक्षात चालते ते असे. एका वेळी एक ते तीनच शब्द द्यायचे. प्रत्येक शब्द असा हवा की तो पाळणे दुसऱ्या कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसेल आणि पाळला की नाही हे बघणाऱ्याला हो-नाहीत सांगता येईल. ‘चांगला बाप होईन’ हा शब्द नव्हे. ‘सोमवार ते शनिवार सकाळी साडेसातला मुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडीन’ हा शब्द. दोन आठवडे तेवढेच, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करून. बारांपैकी दहा दिवस जमले तर पुढचा शब्द घ्यावा. सात-आठच जमले तर शब्द मोठा होता असे समजून तो निम्मा करावा. गफलत होते ती इथेच. शब्द लहान करणे हा कमीपणा वाटतो, म्हणून माणूस तो आहे तसा ठेवतो आणि पुन्हा मोडतो.

चौथ्या पायरीची वही

अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांना आधार देण्याची संघटना १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन या गावी बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ यांनी सुरू केली. दारूतून सुटण्यासाठीच्या तिच्या बारा पायऱ्या १९३९ मध्ये छापून आल्या. महाराष्ट्रातील गावोगावच्या ‘मीटिंगां’मध्ये त्याच वापरल्या जातात. चौथी पायरी स्वतःची निर्भय नैतिक झाडाझडती घेण्याची, पाचवी ती दुसऱ्या माणसापुढे कबूल करण्याची, आठवी दुखावलेल्यांची यादी करण्याची, नववी भरपाईची, दहावी ही झाडाझडती चालू ठेवण्याची.

चौथ्या पायरीसाठी वहीचे पान आडवे धरून पाच रकाने पाडतात : कोणाला, काय केले, कधी, त्यात माझा वाटा, आज काय करता येईल. सुरुवातीला जवळपास प्रत्येक जण लिहितो : ‘घराचे वाटोळे केले.’ हे वाक्य लाजेचे आहे, त्याच्यापुढे शेवटचा रकाना भरताच येत नाही. स्पॉन्सर म्हणजे जुना, अनुभवी साथी ते खोडायला लावतो. मग येते : ‘गणपतीच्या आधी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या, पावती फाडली, चोरीला गेल्या म्हणून सांगितले.’ हे लिहिताना हात थांबतो. पण आता शेवटच्या रकान्यात काहीतरी बसते : सराफाकडे जाऊन व्याजासह आकडा विचारणे, पाटल्या अजून आहेत का हे बघणे, महिन्याला किती जमेल ते ठरवणे.

याच वहीच्या उलट बाजूने, दारूच्या काळातही न मोडलेल्या गोष्टी लिहाव्यात. कामावर हत्यारांची निगा राखली, म्हाताऱ्या शेजाऱ्याला दवाखान्यात नेले, असले काहीही. ही बाजू कोरी ठेवणारे बरेच असतात. एकतर्फी वही ही झाडाझडती नसून आरोपपत्र असते. पाचव्या पायरीसाठी पत्नी किंवा भाऊ निवडणे ही नेहमीची चूक. ऐकणारा स्वतः दुखावलेला असेल तर कबुलीचे भांडण होते.

भरपाईतही अट आहे : ज्या कबुलीने समोरच्याचे किंवा तिसऱ्याचेच नुकसान होईल, ती करू नये. माफी मिळेलच असे धरून गेलेला माणूस नकार मिळताच कोसळतो. उधारीबाबत साधा नियम उपयोगी पडतो : सर्व देण्यांची यादी, घरखर्च काढून उरणाऱ्या रकमेतून प्रत्येकाला ठरलेल्या तारखेला थोडे, मग ते पाचशे का असेनात. एकाच सावकाराचे सगळे फेडायला नवे कर्ज काढू नये.

घर

‘जरा इकडे ये, तोंड उघड.’ कामावरून उशिरा आलेल्या माणसाला दारातच हे ऐकावे लागते, आणि तीन महिने कोरडा राहिलेला माणूस त्याने दुखावतो. दोघेही बरोबर असतात. विश्वास रोजच्या व्यवहारातून परत येतो, मागून मिळत नाही. वास घेण्याऐवजी आधी ठरवलेली व्यवस्था बरी : उशीर होणार असेल तर फोन, पगार पत्नीच्या खात्यात, एटीएम कार्ड तिच्याकडे, हातखर्चाला आठवड्याची ठरावीक रक्कम, रविवारी दहा मिनिटांत हिशेब. दर तीन महिन्यांनी व्यवस्था एक पायरी सैल करावी. कार्ड कधीच परत न देणारे घर माणसाला कायमचा आरोपी ठेवते. पहिल्याच महिन्यात देणारे घर त्याला संकटात टाकते.

पुण्यातील मुक्तांगण हे केंद्र डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, गर्दच्या लाटेच्या काळात, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या पाठबळावर सुरू केले. तेथील निवासी उपचार ३५ दिवसांचे, आणि व्यसनी व्यक्तींच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे. पत्नीचा स्वतःचा आत्मसन्मानही तेवढाच झिजलेला असतो, हे त्यामागचे साधे कारण. व्यसनी स्त्रियांची अडचण आणखी वेगळी. पुरुष ‘सुधारला’ की गाव कौतुक करते. बाई उपचारांना गेली हेच मुळात लपवले जाते, आणि अनेक मीटिंगांत ती एकटीच स्त्री असते. तिला स्त्रियांचा गट किंवा स्त्री समुपदेशक मिळवून देणे हे इतर सगळ्या उपायांच्या आधीचे काम.

घसरण

मुक्त राहिलेल्या दिवसांची मोजदाद आणि त्याचा ‘वाढदिवस’ यांनी बळ येते, पण सगळी किंमत त्या एका आकड्यावर टांगली तर धोका असतो. १४० दिवसांनंतर लग्नाच्या वरातीत एक बीअर घेतली की आकडा शून्यावर येतो. मग ‘गेलंच आहे तर जाऊ दे’ म्हणत पुढचे पंधरा दिवस जातात. ॲलन मार्लट व ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ च्या ग्रंथात याचे विश्लेषण केले : पहिल्या घोटापेक्षा ‘मी असाच आहे’ हा त्याचा लावलेला अर्थ जास्त नुकसान करतो. उपाय म्हणून दोन आकडे ठेवावेत. सलग दिवस, आणि वर्षातले एकूण कोरडे दिवस. दुसरा आकडा शून्य होत नाही. घसरल्यावर २४ तासांत एका माणसाला फोन, आणि कुठे, कोणाबरोबर, कोणत्या मनःस्थितीत हे चार ओळींत लिहून ठेवणे. गर्द किंवा इतर अफूजन्य पदार्थ घेणाऱ्यांना एक वेगळा इशारा : काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, त्यामुळे पूर्वीची मात्रा जीव घेऊ शकते.

सेवा

मीटिंगच्या आधी खुर्च्या मांडणे, चहा करणे, भांडी विसळणे ही कामे नवख्याला मुद्दाम देतात. ‘तुझ्यावाचून चहा झाला नसता’ हे त्याला बऱ्याच वर्षांनी ऐकायला मिळते, आणि ते खरे असते. मात्र सहा महिन्यांतच समुपदेशक बनून दुसऱ्यांना सोडवायला निघालेला माणूस स्वतःचे उरलेले काम टाळत असण्याची शक्यता दाट. त्याचा ‘पेशंट’ घसरला की तोही घसरतो.

मोजमाप

मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ ची दहा विधानांची प्रश्नावली सर्वाधिक वापरली जाते. पाच विधाने होकारार्थी, पाच नकारार्थी. नकारार्थी विधानांचे गुण उलटे धरतात आणि बेरीज ० ते ३० मध्ये येते. ती पहिल्या महिन्यात भरून घेऊ नये. त्यानंतर दर तीन महिन्यांनी भरून त्याच माणसाच्या मागच्या आकड्याशी ताडावी, इतरांच्या नव्हे. आकडा वर जात असताना हिशेबाची वही रिकामी असेल, तर वहीवर विश्वास ठेवावा. आणि ‘मी गेलो तर सगळे सुटतील’ असे बोलणे कानावर आले, तर प्रश्नावली बाजूला ठेवून माणसाला एकटे सोडू नये व त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे राष्ट्रीय विनाशुल्क क्रमांक आहेत.