नळातला दाब आणि पाण्याचा स्वतंत्र हिशेब

उजनी धरणातून सोलापूर शहरात पाणी आणायचे तर जलवाहिनीला सुमारे ११० किलोमीटरचा पल्ला गाठावा लागतो. या पल्ल्याची चर्चा शहरात इतकी वर्षे चालू आहे की, पाण्याचा प्रश्न म्हणजे लांबचे पाणी आणण्याचा प्रश्न, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. जुन्या जलवाहिनीच्या जोडीला रोज १७ कोटी लिटर क्षमतेची समांतर जलवाहिनी हाती घेतली गेली, ती गरजेची होती यात शंका नाही. परंतु धरणापासून शहराच्या वेशीपर्यंत पाणी आणणे हे एक काम आहे आणि वेशीपासून विडी घरकुल किंवा जुळे सोलापूर अशा वसाहतींतल्या नळापर्यंत ते योग्य दाबाने पोहोचवणे हे अगदी निराळे काम आहे. पहिले काम अनुदानातून एकदा होऊन जाते. दुसरे रोज करावे लागते, त्याला मोजमाप, देखभाल आणि दरवर्षी हमखास मिळणारा पैसा लागतो, आणि आपल्या नगरपालिका व महापालिका बहुतेक वेळा याच दुसऱ्या कामात कमी पडतात.

आधी गरज किती आहे ते पाहू. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावे, असे केंद्र सरकारचे मानक आहे. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या सुमारे साडेनऊ लाख होती. वाढ लक्षात घेऊन हिशेबापुरती ती बारा लाख धरली, तर रोजची गरज सुमारे १६ कोटी २० लाख लिटर होते. धरणाचे पाणी टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत मोजतात; एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर, म्हणजे एवढ्या शहराला एक टीएमसी पाणी पावणेसहा महिने पुरते आणि वर्षाची गरज दोन टीएमसीहून थोडीशीच जास्त भरते. उजनीची एकूण साठवणक्षमता ११७ टीएमसी आहे. शहराच्या नावाने भीमा नदीत पाणी सोडून औजचा बंधारा भरायचा आणि टाकळीहून ते उपसायचे, या जुन्या पद्धतीत मात्र एकेका आवर्तनाला, म्हणजे पाणी सोडण्याच्या फेरीला, काही टीएमसी पाणी सोडावे लागते. त्यातले बरेचसे वाटेत मुरते, उन्हाने उडते किंवा काठावरच्या शेतीला जाते. हे पाणी वाया गेले असे म्हणता येणार नाही, कारण पंढरपूर, मंगळवेढा यांसारखी गावेही नदीवर अवलंबून आहेत. पण ते सगळे सोलापूरकर प्यायले, असे मानणेही बरोबर नाही.

म्हणजे धरणातले पाणी शहराला पुरण्यासारखे आहे. तरीही नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते, आणि याचे कारण शोधताना जलवाहिन्यांच्या विज्ञानाकडे वळावे लागते.

पाच माणसांच्या कुटुंबाला रोज ६७५ लिटर पाणी लागते. ते चोवीस तास सावकाश आले, तर सरासरी ताशी २८ लिटर पुरतात. सकाळच्या गर्दीच्या वेळी मागणी अडीच-तीन पट होते, एवढेच. आता तेच पाणी दर चौथ्या दिवशी फक्त तीन तास सोडले, तर त्या तीन तासांत कुटुंबाला चार दिवसांचे २,७०० लिटर भरून घ्यावे लागतात, म्हणजे ताशी ९०० लिटर. गल्लीतल्या पाइपातून सरासरीच्या बत्तीस पट प्रवाह जायला हवा. पाइपाच्या भिंतीशी होणाऱ्या घर्षणात जो दाब खर्च होतो तो प्रवाहाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून फार वेगाने वाढतो. प्रवाह दुप्पट झाला की दाबाची हानी साडेतीन पटींहून जास्त होते. त्यामुळे टाकीजवळच्या घरांत धार जोरात पडते आणि वाहिनीच्या टोकाच्या घरांत नळाला नुसती हवा फुसफुसते. टोकाचे लोक मग नळालाच मोटर लावतात, त्यामुळे शेजारच्या नळाचा उरलेला दाबही जातो आणि तोही मोटर विकत आणतो. लोकांना हावरट ठरवून हा प्रश्न सुटणार नाही, कारण तीन तासांत चार दिवसांचे पाणी भरायला लावणारी व्यवस्थाच त्यांना तसे वागायला भाग पाडते.

पाणी बंद असतानाची अवस्था याहून काळजीची असते. चावीवाला रस्त्यातल्या चौकोनी झाकणाखालची चावी फिरवून पाणी बंद करतो, तेव्हा त्या भागातली वाहिनी हळूहळू रिकामी होते आणि आतला दाब बाहेरच्या ओल्या मातीपेक्षा कमी होतो. भरल्या वाहिनीतून ज्या भोकाने पाणी बाहेर गळत होते, त्याच भोकाने आता बाजूच्या गटाराचे पाणी आत शिरते. पाणी येण्याच्या दिवशी पहिल्या दहा मिनिटांचे गढूळ पाणी बायका अंगणात ओतून देतात, त्यामागे हे कारण आहे. शुद्धीकरण केंद्रात क्लोरीन कितीही नीट घातले, तरी नळाच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावे लागते आणि वाटेत मिसळलेली घाण ते खाऊन टाकते. सतत भरलेली, दाबाखालची वाहिनी हा साथीच्या रोगांवरचा खरा बंदोबस्त आहे. चोवीस तास पाण्याची मागणी श्रीमंती थाटाची आहे असे समजणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

मग उद्यापासून सगळ्या चाव्या उघड्या ठेवल्या तर काय होईल? पाणी घरात पोहोचण्याआधीच संपेल. वाहिनीत वीस मीटर उंचीच्या पाण्याचा दाब असेल, तर पाच मिलिमीटरच्या एका भोकातून दिवसाला सुमारे २० हजार लिटर पाणी गळते, म्हणजे जवळजवळ दीडशे माणसांचा रोजचा वाटा. आठवड्यातून काही तास दाब असताना हे भोक सहन होते. दाब चोवीस तास राहिला की ते टाकीच रिकामी करते. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. शहराचे लहान लहान विभाग पाडावेत, प्रत्येक विभागाच्या तोंडाशी एक मोठा मीटर बसवावा आणि पहाटे दोन ते चारच्या दरम्यान, लोक झोपलेले असताना, त्यातून किती पाणी जाते ते पाहावे. त्या वेळी वाहणारे पाणी बहुतांशी गळतीचेच असते. गळती शोधायची, बुजवायची, घरोघरी मीटर लावायचे आणि मगच त्या विभागापुरते तास वाढवायचे. सोलापूरच्या शेजारच्या गुलबर्ग्यात आणि हुबळी-धारवाड व बेळगावात निवडक विभागांत २००८ पासून चोवीस तास पाणी सुरू झाले, ते असेच विभाग निवडून. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह येथे १९९३ साली शंभरपैकी ७२ लिटर पाण्याचा हिशेब लागत नव्हता; तिथल्या सरकारी जलसंस्थेने मीटर, वसुली आणि गळतीदुरुस्तीचा धोशा लावून पुढच्या दीड दशकात हा आकडा सहाच्या आसपास आणला. संस्था सरकारीच राहिली, हे मुद्दाम नोंदवतो, कारण आपल्याकडे पाणीसुधारणेची चर्चा निघाली की ती खासगीकरणाच्या वादात अडकून पडते आणि मीटर मागेच राहतात.

आता पैशाकडे वळू. हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायला शास्त्रीय हिशेबाने ०.२७ युनिट वीज लागते. पंपाची आणि मोटरची कार्यक्षमता धरली, तर प्रत्यक्षात ०.४ युनिटच्या आसपास. उचललेल्या पाण्यापैकी चाळीस टक्के गळाले, तर घरात पोहोचलेल्या प्रत्येक हजार लिटरवर विजेचा, तुरटीचा आणि क्लोरीनचा खर्च दीडपटीहून जास्त पडतो. वीजबिल दर महिन्याला येते. त्यासाठी अनुदान मिळत नाही. स्मार्ट सिटी असो की अमृत, केंद्राच्या या शहरविकास योजनांचा पैसा प्रामुख्याने बांधकामासाठी दिला गेला. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की धरण ते शहर ही मोठी वाहिनी, शुद्धीकरण केंद्रे आणि जलकुंभ राज्य व केंद्राच्या पैशातून व्हावेत, परंतु वीज, रसायने, चावीवाल्यांचे पगार, दुरुस्ती आणि तीस-चाळीस वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या पाइपांसाठीची तरतूद पाणीपट्टीतून निघावी. ज्यांना ती परवडत नाही त्यांच्यासाठी महापालिकेने आपल्या करांतून उघड रक्कम द्यावी. पाणीपट्टीचा पैसा रस्त्यांना आणि रस्त्यांचा पैसा वीजबिलाला, अशी सरमिसळ झाली की पाण्याला खरा खर्च किती येतो, हे सभागृहालाही कळत नाही. यासाठी पाणीपुरवठ्याचे खाते आणि ताळेबंद स्वतंत्र असायला हवा. ७४ व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा हा विषय नागरी संस्थांच्या कामांत नमूद आहे आणि केंद्राच्या २००८ च्या सेवा मानकांत शंभर टक्के मीटर, शंभर टक्के खर्चवसुली आणि वीस टक्क्यांपर्यंतच हिशेबाबाहेरचे पाणी, ही उद्दिष्टे लिहिलेली आहेत. म्हणजे नियमांची उणीव नाही; उणीव खात्यांच्या मांडणीत आणि वसुलीत आहे.

दर ठरवताना एका ठिकाणी विशेष सांभाळावे लागेल. अर्ध्या इंची नळाला वर्षाची एकच ठरावीक रक्कम आकारली, तर थेंबथेंब जपणारे घर आणि गाड्या धुणारे घर सारखेच पैसे भरतात. म्हणून वापर वाढेल तसा दर चढवणारी टप्प्यांची पद्धत सुचवली जाते आणि ती तत्त्वतः योग्यही आहे. पण पूर्व भागात एका वाड्यात यंत्रमाग कामगारांची आणि विडी वळणाऱ्या बायकांची चार-पाच कुटुंबे एकाच नळावर राहतात. मीटरला कुटुंबे दिसत नाहीत. त्याला एकच मोठा वापर दिसतो आणि सर्वांत गरीब वाड्यावर सर्वांत चढा दर लागतो. पाच माणसांना माणशी १३५ लिटरप्रमाणे महिन्याला सुमारे वीस हजार लिटर लागतात. हा स्वस्त टप्पा नळामागे न देता कुटुंबामागे द्यावा, आणि त्यासाठी महापालिकेने वाड्यातली कुटुंबे शिधापत्रिकांवरून मोजून घ्यावीत. हे काम किचकट आहे, पण ते टाळून मीटर लावले तर लोक ते बसवू देणार नाहीत आणि त्यांचे काही चुकणारही नाही.

लोक पाण्यासाठी आजही पैसे मोजतातच. हौद बांधणे, गच्चीवरची प्लास्टिकची टाकी, मोटर, तिचे वीजबिल, उन्हाळ्यातले टँकर, प्यायच्या पाण्याचे जार आणि पाणी येण्याच्या दिवशी बुडालेली मजुरी, या सगळ्याची बेरीज पाणीपट्टीच्या कोणत्याही पावतीवर येत नाही. पहिला विभाग निवडताना जलकुंभालगतची सोयीची वसाहत न घेता हद्दवाढ भागातली वाहिनीच्या टोकाची वस्ती घ्यावी, कारण तिथे हा अदृश्य खर्च सर्वांत जास्त आहे आणि तिथे दाब टिकला तर मधल्या सगळ्या गल्ल्यांत तो आपोआप मिळालेला असतो. त्या विभागात महिन्याला किती पाणी सोडले, किती घरांत पोहोचले, विजेला किती लागले आणि वसुली किती झाली, हे चार आकडे तिथल्या प्रत्येक पाणीबिलावर छापावेत.