कुंडली वेदांतली नाही, आणि चौकटीतला आकडा म्हणजे स्थानही नाही

सातारा-सांगलीकडे लग्न जुळवताना 'पत्रिका वेदांपासून चालत आलीय' हे हमखास ऐकू येतं. ते खरं नाही. वेदांग ज्योतिष हा वेदांच्या जोडीचा जुना ग्रंथ यज्ञांचा काळ ठरवण्यासाठी होता. त्यात 5 वर्षांचं युग, त्याचे 1830 दिवस आणि 27 नक्षत्रं आहेत. मेष-वृषभादी 12 राशी आणि 12 स्थानांची जन्मकुंडली नाही. ती पद्धत इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत ग्रीक संपर्कातून आली. संस्कृतातलं 'यवनजातक' त्याचाच पुरावा, आणि 6व्या शतकातला ज्योतिषी वराहमिहिरही यवनांची, म्हणजे ग्रीकांची, मतं मोकळेपणाने देतो.

याहून जास्त नुकसान होतं ते पत्रिका चुकीची वाचल्याने. आपल्याकडच्या चौकटीत वरचं मधलं घर नेहमी पहिलं स्थान, म्हणजे लग्न (इथे विवाह नव्हे, तर जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवत असलेला राशीचा भाग). तिथून डावीकडे, घड्याळाच्या उलट मोजायचं. घरातला आकडा राशीचा असतो. वर 7 लिहिलं असेल तर तूळ लग्न; तिथला मंगळ पहिल्या स्थानी, सप्तमात (सातव्या स्थानी) नव्हे.

जन्मवेळेचंही तसंच. साताऱ्याची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे 34 मिनिटं मागे आहे, सांगलीची सुमारे 32. गाव निवडलं की संगणक हा फरक स्वतःच धरतो. काहीजण आधी हाताने मिनिटं वजा करून मग वेळ भरतात, म्हणजे फरक दोनदा वजा होतो. लग्न साधारण 4 मिनिटांत एक अंश सरकतं, म्हणजे चूक 8 अंशांच्या आसपास. लग्न राशीच्या सुरुवातीला असेल तर मागची रास येते आणि सगळी स्थानं बदलतात. दवाखान्यातली वेळ जशीच्या तशी भरा.