ऑर्ग्रीव्ह ते मॅन्व्हर्स: ब्रिटिश पोलिसांवरचा विश्वास कसा आटत गेला

४ ऑगस्ट २०२४, रविवार. इंग्लंडमधल्या साउथ यॉर्कशायर परगण्यात, रॉदरहॅमजवळच्या मॅन्व्हर्स इथे एका हॉटेलला जमावाने वेढा घातला. आत आश्रयासाठी अर्ज केलेले दोनशेहून अधिक परदेशी लोक होते. खिडक्या फोडल्या गेल्या, पेटवलेली कचराकुंडी दाराशी ढकलली गेली. साठहून अधिक पोलीस जखमी झाले. सहा दिवसांपूर्वी साउथपोर्टमध्ये नाचाच्या वर्गात तीन लहान मुलींची चाकूने हत्या झाली होती. हल्लेखोर नुकताच बोटीतून आलेला मुस्लिम निर्वासित आहे, अशी अफवा पसरली आणि ती खोटी होती. पकडलेला तरुण ब्रिटनमध्येच, कार्डिफला जन्मलेला होता.

दंगेखोरांवरचे खटले झटपट चालले. मॅन्व्हर्सच्या जाळपोळीसाठी एकाला नऊ वर्षांची शिक्षा झाली. लगोलग उजव्या गोटातून ओरड सुरू झाली की गोऱ्या कष्टकऱ्यांना एक न्याय आणि बाकीच्यांना दुसरा. ‘टू-टियर पोलिसिंग’ हा शब्द घराघरांत पोचला, आणि ‘टू-टियर कीर’ म्हणून तो पंतप्रधान कीर स्टार्मर यांनाही चिकटला. स्टार्मर २००८ ते २०१३ या काळात सरकारी अभियोग खात्याचे प्रमुख होते, त्यामुळे हा आरोप त्यांच्या अंगाला लवकर लागला. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

एप्रिल २०२५ मध्ये संसदेच्या गृहविषयक समितीने सांगितलं की या दंगलींच्या बाबतीत दुटप्पीपणाचा पुरावा नाही. लोकांना पकडलं ते त्यांच्या राजकीय मतांमुळे नव्हे, तर ते दगड फेकत होते, पोलिसांना मारत होते आणि आग लावत होते म्हणून. मला हा निष्कर्ष पटतो. बहुतेकांनी गुन्हा कबूल केला, कारण चित्रफितीत त्यांचे चेहरे स्वच्छ दिसत होते. तरीही असंख्य लोकांचा समितीवर विश्वास बसला नाही, आणि या अविश्वासाची मुळं याच परगण्यात खोल गेलेली आहेत. पुढे ज्यांची गोष्ट येईल ती ऑर्ग्रीव्ह, हिल्सबरो आणि रॉदरहॅम, आणि हे मॅन्व्हर्स, ही चारही ठिकाणं नकाशावर जेमतेम वीस किलोमीटरच्या टापूत येतात. चारही एकाच पोलीस दलाच्या हद्दीत आहेत.

ब्रिटिश पोलीस लोकांच्या संमतीने काम करतात, असं तिथे अभिमानाने सांगितलं जातं. १८२९ मध्ये गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी लंडनसाठी मेट्रोपॉलिटन पोलीस दल उभं केलं. लष्कराच्या लाल डगल्याची आठवण होऊ नये म्हणून शिपायांना निळा गणवेश दिला, हातात बंदुकीऐवजी दंडुका दिला. पील यांच्या नावावर खपणारी नऊ तत्त्वं त्यांनी स्वतः लिहिल्याचा पुरावा मात्र नाही. शिवाय हेच पील आधी आयर्लंडचा कारभार पाहत असताना त्यांनी तिथे उभं केलेलं दल वेगळ्या जातीचं होतं. पुढे आयर्लंडमधल्या सशस्त्र पोलिसांचाच नमुना वसाहतींत नेला गेला, आणि १८६१ च्या कायद्याने तो भारतात रुजला. संमतीची भाषा घरच्यांसाठी होती.

पण घरच्यांनाही ती सगळ्यांना लागू नव्हती. १८३२ च्या सुधारणा कायद्याने मध्यमवर्गाला मत मिळालं, कामगारांना नाही. १३ मे १८३३ रोजी लंडनच्या कोल्डबाथ फील्ड्समध्ये कामगारांनी मताधिकारासाठी सभा बोलावली. पोलिसांनी ती लाठीने उधळली आणि त्या झटापटीत रॉबर्ट कली हा शिपाई भोसकला जाऊन मेला. संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, म्हणजे कॉरोनरसमोर, सतरा जणांची ज्यूरी बसली, त्यांत बरेचसे पाववाले होते. कॉरोनरने पुन्हा पुन्हा दटावूनही त्यांनी निकाल दिला की हा मृत्यू समर्थनीय आहे. जमावाला पांगण्याचा कायदेशीर इशारा दिलेला नव्हता आणि पोलिसांनी चिथावणी नसताना क्रूरपणे मारहाण केली, असं त्यांचं म्हणणं. वरच्या कोर्टाने हा निकाल रद्द केला. लंडनकरांनी मात्र त्या सतरा जणांना डोक्यावर घेतलं, त्यांच्यासाठी पदकं पाडली, त्यांना थेम्समधून सहलीला नेलं. एका शिपायाच्या खुनावर हा उत्सव झाला हे वाचून आजही अंगावर काटा येतो. दल स्थापन होऊन तेव्हा चार वर्षंही पुरी झाली नव्हती.

त्याच वर्षी पोपे नावाच्या पोलीस सार्जंटचं प्रकरण उघड झालं. साध्या वेषात कामगारांच्या संघटनेत शिरून तो हेरगिरी करत होता. संसदीय समितीने ताशेरे ओढले आणि तो बडतर्फ झाला. प्रश्न मिटला असं तेव्हा वाटलं असेल. १९६८ मध्ये, व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनांनंतर, लंडन पोलिसांनी तेच काम करणारी एक आख्खी गुप्त तुकडी उभी केली आणि ती चाळीस वर्षं चालली. तिचं लक्ष्य प्रामुख्याने डावे गट होते. मेलेल्या लहान मुलांची नावं घेऊन अधिकारी चळवळींत शिरले, त्यांतल्या काहींनी खोट्या नावाने बायकांशी वर्षानुवर्षं संबंध ठेवले. या प्रकाराची सार्वजनिक चौकशी सुरू आहे, आणि तिच्या २०२३ च्या अंतरिम अहवालाने ही तुकडी फार पूर्वीच बंद करायला हवी होती असं म्हटलं.

न्यायालयांची गोष्ट मराठी माणसाला थोडी जवळून माहीत आहे. १९०८ चा लोकमान्यांवरचा राजद्रोहाचा खटला, सात युरोपीय आणि दोन पारशी असलेली ज्यूरी, सात विरुद्ध दोन असा कौल आणि मंडाले, हे शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. पण तो वसाहतीतला न्याय होता. खुद्द लंडनच्या न्यायावर टिळकांनीही भरवसा ठेवून पाहिला होता. व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकाराने त्यांना ‘भारतीय असंतोषाचे जनक’ म्हटलं, आणि त्याच पुस्तकातल्या बदनामीकारक मजकुराबद्दल टिळकांनी त्याला लंडनच्या कोर्टात खेचलं. १९१९ च्या सुरुवातीला खटला उभा राहिला. न्यायासनावर डार्लिंग होते, जे न्यायाधीश होण्यापूर्वी हुजूर पक्षाचे खासदार होते आणि १८९७ मध्ये त्यांची नेमणूक झाली तेव्हाच ती राजकीय असल्याची टीका झाली होती. चिरोलचे वकील एडवर्ड कार्सन हे माजी मंत्री आणि आयर्लंडच्या स्वराज्याचे कट्टर विरोधक. टिळक हरले, खर्चाच्या डोंगराखाली आले, आणि तो फेडायला महाराष्ट्राने निधी गोळा केला. निकाल केवळ माणसांच्या राजकारणामुळे लागला असं मी म्हणणार नाही. पण न्यायाधीश, वकील आणि मंत्री एकाच वर्तुळातून येत होते आणि बाहेरच्या माणसाचा शब्द तिथे हलकाच ठरत होता.

हे वर्तुळ कायद्याने तुटायला फार वेळ लागला. लॉर्ड चॅन्सेलर हा एकच माणूस मंत्रिमंडळात बसे, न्यायव्यवस्थेचा प्रमुख असे आणि लॉर्ड्सच्या सभागृहाचं कामकाजही चालवी. २००५ च्या कायद्याने ही मोट सोडवली. न्यायाधीश निवडायला स्वतंत्र आयोग आला, आणि २००९ मध्ये संसदेच्या इमारतीबाहेर सर्वोच्च न्यायालय सुरू झालं. म्हणजे औपचारिक स्वातंत्र्य आलं ते एकविसाव्या शतकात. तोवर ब्रेक्झिट आलं, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये एका मोठ्या दैनिकाने त्याबाबत सरकारविरुद्ध निकाल देणाऱ्या तीन न्यायाधीशांचे फोटो पहिल्या पानावर छापून त्यांना जनतेचे शत्रू ठरवलं.

आता पुन्हा यॉर्कशायर. १९८४ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने खाणी बंद करायला घेतल्या आणि खाणकामगार संपावर गेले. ब्रिटनमध्ये पोलीस दलं परगणावार असतात, गृहमंत्री त्यांना थेट हुकूम सोडत नाही. पण या संपात स्कॉटलंड यार्डमधल्या एका समन्वय कक्षातून देशभरचे पोलीस खाणपट्ट्यात धाडले गेले. केंटमधून निघालेल्या कामगारांना डार्टफर्डच्या बोगद्यापाशीच अडवून परत पाठवलं. १८ जून १९८४ रोजी ऑर्ग्रीव्हच्या, दगडी कोळशापासून कोक बनवणाऱ्या कारखान्यासमोर हजारो कामगार जमले होते. दिवस उन्हाचा, अनेकांच्या अंगात साधा टीशर्ट. एरवी रस्त्यातच अडवणाऱ्या पोलिसांनी त्या दिवशी त्यांना स्वतः वाट दाखवत मैदानात आणलं. मग घोडेस्वार पोलीस त्यांच्या अंगावर सोडले.

पंचाण्णव जणांवर दंगल आणि तत्सम गुन्हे लावले. दंगलीला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. पहिल्या पंधरा जणांचा खटला शेफिल्डच्या कोर्टात ४८ दिवस चालला आणि कोसळला. पोलिसांच्या जबाबांत वाक्यंच्या वाक्यं तीच होती. उलटतपासणीत शिपायांनी कबूल केलं की सुरुवातीचा मजकूर गुप्तचर अधिकाऱ्यांनी सांगितला आणि आम्ही तो लिहून घेतला. १९९१ मध्ये पोलीस दलाने ३९ खाणकामगारांना मिळून सव्वाचार लाख पौंड भरपाई दिली, पण चूक मान्य केली नाही. एकाही पोलिसावर कारवाई झाली नाही.

मध्यंतरी त्याच दलाच्या हातून हिल्सबरो घडलं. १५ एप्रिल १९८९, शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट या संघांचा फुटबॉलचा उपांत्य सामना. गर्दी आवरेना तेव्हा बंदोबस्ताच्या प्रमुखाने दरवाजा उघडायला सांगितला, लोक आधीच भरलेल्या कठडेबंद जागेत लोटले गेले आणि चिरडले. मृतांचा आकडा ९७ आहे, शेवटचा बळी २०२१ मध्ये गेला. प्रमुखाने वर कळवलं की प्रेक्षकांनीच दरवाजा तोडला. दारू प्यालेल्या गुंडांमुळे हे घडलं ही कहाणी वर्तमानपत्रांनी उचलली. २०१२ मध्ये स्वतंत्र पॅनेलने कागद उलगडून दाखवले तेव्हा कळलं की १६४ पोलिसांच्या जबाबांत फेरफार झाला होता, आणि त्यांतल्या ११६ जबाबांतून दलाला अडचणीची विधानं काढून किंवा बदलून टाकली होती. २०१६ मध्ये ज्यूरीने हे बेकायदा मृत्यू असल्याचा निर्णय दिला. २०२१ मध्ये जबाब बदलल्याचा खटला मात्र कोर्टाने मध्येच निकाली काढला. ते जबाब ज्या चौकशीसाठी होते ती न्यायालयीन कार्यवाही नव्हती, म्हणून त्यांत फेरफार करणं हा न्यायप्रक्रियेत अडथळा ठरत नाही, असा तो युक्तिवाद. बत्तीस वर्षं थांबलेल्या आईबापांनी हे ऐकलं.

ऑर्ग्रीव्हचं प्रकरण वेळीच साफ झालं असतं तर पाच वर्षांनी जबाबांना हात लावायची हिंमत झाली असती का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

मग रॉदरहॅम. अलेक्सिस जे यांच्या २०१४ च्या स्वतंत्र चौकशी अहवालानुसार १९९७ ते २०१३ या काळात तिथे किमान १४०० मुलांचं लैंगिक शोषण झालं. बहुतेक आरोपी पाकिस्तानी वंशाचे असल्याचं पीडितांनी सांगितलं होतं, आणि वंशवादी ठरू या भीतीने काही कर्मचारी ते लिहायला कचरत होते. उजवे हे वाक्य उचलतात आणि ते खोटं नाही. २०२५ मध्ये लुईझ केसी यांच्या तपासणीतही आढळलं की देशभरात दोन तृतीयांश आरोपींच्या वंशाची नोंदच नाही. पण जे यांच्या अहवालातला दुसरा भाग लोक गाळतात. पोलीस त्या मुलींना तुच्छ लेखत होते. अनाथालयातली, गरीब घरची, घरातून पळणारी पोर काय सांगणार, अशी ती नजर होती. खाणकामगार, फुटबॉलचा प्रेक्षक आणि ही मुलगी, तिघांचाही शब्द पोलिसाच्या शब्दासमोर कवडीमोल ठरला.

लंडनमध्ये हेच वंशाच्या रेषेवर घडलं. १९७९ मध्ये साउथॉलला, आशियाई वस्तीत, नॅशनल फ्रंट या अतिउजव्या पक्षाच्या सभेविरुद्ध निदर्शनं झाली आणि ब्लेअर पीच हे शिक्षक डोक्यावर घाव बसून मेले. तो घाव पोलिसाचाच असावा असं म्हणणारा अंतर्गत अहवाल एकतीस वर्षं दडवून ठेवला, २०१० मध्ये तो बाहेर आला. १९९३ मध्ये स्टीव्हन लॉरेन्स हा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा बसथांब्यावर मारला गेला, आणि १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने मेट्रोपॉलिटन पोलिसांत संस्थात्मक वंशवाद असल्याचं सांगितलं. २०२३ मध्ये केसींनी त्याच दलाबद्दल तेच पुन्हा लिहिलं, स्त्रीद्वेष आणि समलैंगिकांचा द्वेष जोडून.

म्हणून आज दोन्ही बाजूंकडे आपापली फाइल आहे. २०२५ च्या वसंतात शिक्षाविषयक मंडळाने नवी मार्गदर्शक सूचना काढली, तीत वांशिक अल्पसंख्याक आरोपींबाबत शिक्षेआधी त्यांच्या पार्श्वभूमीचा अहवाल मागवावा असं सुचवलं होतं. हुजूर पक्ष भडकला, मजूर पक्षाच्या तेव्हाच्या न्यायमंत्री शबाना महमूद यांनीही तिला विरोध केला, मंडळाने ती लांबणीवर टाकली आणि जूनमध्ये सरकारने कायदा करून ती अडवली. त्याच ऑगस्टमध्ये बंदी घातलेल्या पॅलेस्टाइन अ‍ॅक्शन या गटाच्या समर्थनाचे फलक धरून शांत बसलेल्या पाचशेहून अधिक लोकांना संसदेसमोर एका दिवसात अटक झाली, त्यांत पांढऱ्या केसांची माणसं बरीच होती. तेव्हा डावे म्हणाले, बघा, दुटप्पीपणा म्हणतात तो हा.

ऑर्ग्रीव्हच्या कारखान्याच्या जागी आता नवी घरं आहेत. जुलै २०२५ मध्ये सरकारने तिथल्या घटनेची चौकशी जाहीर केली, शेफिल्डचे बिशप तिचे अध्यक्ष. घोडे आले तेव्हा विशीत असलेले कामगार आता साठी ओलांडून गेलेत, आणि बरेच जण उरलेले नाहीत. चौकशी जाहीर होण्याच्या सव्वा वर्ष आधी, एप्रिल २०२४ मध्ये, नॉर्थम्ब्रिया पोलिसांनी त्यांच्याकडची ऑर्ग्रीव्हसंबंधीची कागदपत्रं नष्ट केली होती.